सहा चाळीसचा श्वास

सून स्वयंपाकघरात आली आणि तिने माझं मनगट घट्ट धरलं. माझ्या हातात लायटर होता. चहाचं आधण ठेवायचं होतं.

"बाबा, हलू नका," ती म्हणाली.

तिने लायटर काढून घेतला. शेगडीचं बटण फिरवलं, खिडकी उघडली, दार उघडलं आणि मला दंडाला धरून बाहेर गॅलरीत आणलं. ओटा पुसताना एका बर्नरचं बटण माझ्याच हाताने सरकलं होतं. गॅस अर्धा तास तरी सुटलेला असणार. तो अर्धा तास मी शेगडीपासून दोन हातांवर स्टुलावर बसून पेपर वाचत होतो.

"मी आतल्या खोलीत वासाने जागी झाले," सून म्हणाली. "तुम्हाला इथे बसून वास आला नाही?"

"कसला वास?"

मग तिने माझ्या मुलाला उठवलं.

दुसऱ्या दिवशी मुलगा मला कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि पाच छोट्या बाटल्या एकेक करून नाकाखाली धरल्या.

"पहिली कशाची?"

"रिकामी."

"दुसरी?"

"हीपण रिकामीच आहे."

पाचही बाटल्यांना मी तेच उत्तर दिलं. मनात म्हटलं, बाई घाईत दिसतात, भरायच्या राहिल्यात. डोळे उघडले तर बाटल्यांवर चिठ्ठ्या होत्या. साबण, लवंग, कॉफी, रॉकेल, कांदा.

"काम काय करत होता?"

"ॲसिडची टाकी. एकतीस वर्षं."

त्यांनी मान हलवली. "हे आज-काल गेलेलं नाही. दहा-बारा वर्षं सहज झाली असतील. हळूहळू जातं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. डोळे गेले तर माणूस भिंतीवर आपटतो. नाक गेलं तर कशावरच आपटत नाही."

"औषध?" मुलाने विचारलं.

"यावर नाही."

जिना उतरताना मी मधेच पायरीवर बसलो. मुलाला वाटलं चक्कर आली. चक्कर नव्हती. दहा-बारा वर्षं हा आकडा तेव्हा कुठे माझ्या डोक्यात पोहोचला होता, आणि मला झुंबर आठवला होता.

झुंबर कोण ते सांगायला हवं.

आमच्या कारखान्यात लोखंडी नळ्यांवर जस्ताचा मुलामा देतात. त्याआधी नळीवरचा गंज पूर्ण जावा लागतो. म्हणून नळ्यांची मोळी क्रेनने उचलायची आणि ॲसिडच्या टाकीत बुडवायची. मोळीला साखळी बांधून हुक अडकवायचं काम हुकवाल्याचं. टाकी माझी. क्रेन झुंबरची. तो तीस फूट वर, छपराखाली, पत्र्याच्या केबिनमध्ये लटकलेला असे, म्हणून हुकवाल्याने त्याचं नाव झुंबर ठेवलं. सकाळी क्रेन हलायला उशीर झाला की हुकवाला खालून विचारायचा, "काय रे, आमचं झुंबर आज पेटणार आहे का पुसायला उतरवू?"

चौदा वर्षांपूर्वी एका सोमवारी झुंबरने मोळी वाकडी उचलली. दोन टन वजन. एक टोक खाली झुकलं, साखळी सरकली आणि सगळ्या नळ्या जमिनीवर आल्या. हुकवाला अर्धं मिनिट आधी तिथे उभा होता. हातमोजे आणायला तो खांबापर्यंत गेला होता म्हणून वाचला. झुंबर शिडी उतरून आला तेव्हा त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. सगळ्यांत आधी मी त्याच्यापाशी पोहोचलो, आणि मला दारूचा वास आला. रात्रीची होती, आणि तिच्यावर सकाळचीही होती.

त्या दिवशी माझं नाक शाबूत होतं. एवढं मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

फोरमनने चौकशी केली. साखळी झिजली होती, असं ठरलं. मला विचारलं तेव्हा मी गप्प राहिलो. ते चुकलं. त्याबद्दल मी कारणं देत बसणार नाही.

दुसऱ्या दिवशी सात वाजायला वीस मिनिटं असताना झुंबर टाकीपाशी आला.

"दादा, काल तू मला पकडलंस."

"पकडलं."

"मग रोज पकड."

"म्हणजे?"

"शिडी चढायच्या आधी माझं तोंड हुंगायचं. वास आला तर वर सोडायचं नाही."

"मी काय तुझी बायको आहे?"

"बायको माफ करते," तो म्हणाला. "म्हणून तर ती माहेरी जाऊन बसली. माफ करून करून दमली. तू माफ करणारा नाहीस."

त्यात खोटं काही नव्हतं. टाकीवर माझ्या हाताखाली जो आला त्याने मला शिव्याच घातल्या. नळीवर गंजाचा नखाएवढा डाग राहिला तरी मी पूर्ण मोळी परत बुडवायला लावायचो. मी अट घातली. वास आला तर तो दिवस जमिनीवर काढायचा, साखळ्या पुसायच्या, फरशी धुवायची. एका वर्षात पाचव्यांदा आला तर फोरमनकडे मी स्वतः जाणार. तो 'हो' म्हणाला. श्वासातली दारू ओळखणारं यंत्र आमच्याकडे तेव्हा नव्हतं आणि आजही नाही. माझं नाक हेच यंत्र.

पहिल्या वर्षी मी त्याला तीनदा खाली ठेवलं. दुसऱ्या वर्षी एकदा. त्यानंतर कधीच नाही. रोज सहा चाळीसला तो हातभर अंतरावर उभा राहायचा, तोंड उघडून श्वास सोडायचा, मी म्हणायचो, "चढ." बास, एवढंच. पाऊस असो, ताप असो, भांडण झालेलं असो. तो रजेवर असला तरच चुकायचं. चार वर्षांपूर्वी मी निवृत्त झालो, तेव्हा त्याने कामावर जायचा रस्ता बदलला. माझ्या घरावरून जायला लागला. सहा चाळीसला दारात.

माणूस बदलताना मी पाहिला. बस सोडून तो चालत यायला लागला, कारण बसथांब्यासमोर दारूचा गुत्ता होता. केबिनमध्ये पोहोचल्यावर आधी ब्रेक, मग दोर, मग हुक, मग घंटा, असं एका क्रमाने तपासायचा आणि प्रत्येकासाठी पत्र्यावर खडूने रेघ मारायचा. जेवणाच्या सुट्टीत क्रेनच्या जाड पुस्तकातलं रोज एक पान वाचायचा. पाच वर्षांत त्याने ते पुस्तक तीनदा संपवलं. बिघाड झाला की इलेक्ट्रिशियन आधी त्याला विचारायचा. सुरुवातीला मोळी टाकीत उतरताना माझ्या बुटांवर ॲसिडचे थेंब उडायचे. पुढे पुढे टाकीचं पाणी नुसतं वर सरकायचं, थेंब उडायचा नाही. वहिनी तिसऱ्या वर्षी परत आल्या. मुलीचं लग्न त्याने शुद्धीत उभं राहून केलं.

लोक म्हणायचे, झुंबर सुधारला. त्यातला थोडा वाटा मी स्वतःकडे घेतला. बोललो नाही कधी, पण घेतला.

आणि आता त्या पायरीवर बसून मी हिशेब जुळवत होतो. त्याला शेवटचं खाली ठेवलं त्याला बारा वर्षांहून जास्त झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाक जाऊन दहा-बारा वर्षं. म्हणजे त्यानंतर तो प्यायलाच नाही, की माझं नाक मेलं म्हणून मला कधी कळलंच नाही? बारा वर्षं माझ्या एका शब्दावर दोन-दोन टन लोखंड माणसांच्या डोक्यावरून फिरलं होतं.

हे माझ्या लक्षात कसं आलं नाही, असं मुलाने विचारलं. आमच्या टाकीवरच्या माणसालाच ते समजेल. नवा माणूस आला की पहिला आठवडा खोकायचा, डोळे पुसायचा, नाकावर रुमाल बांधायचा. आम्ही हसायचो. मी म्हणायचो, "नाक मुरू दे, मग बघ." महिन्याभरात झोंबणं कमी व्हायचं, दोनेक वर्षांत थांबायचं. मग तो आमच्यातला. ज्याला ॲसिड झोंबत नाही तो पक्का कामगार, असं आम्ही समजायचो. मास्क मिळायचे, ते खुंटीला टांगलेले असायचे. मी तर एके काळी नुसत्या वासावरून ॲसिडचा जोर सांगायचो, साहेब कागदाची पट्टी बुडवायच्या आत. पुढे केव्हातरी मी बुडबुड्यांवरून सांगायला लागलो, किती उठतात, किती बारीक. आकडा बरोबर यायचा. नाक सोडून डोळ्यांवर आलोय, हे मला कळलं नाही. कळलं असतं तरी मी त्याला मुरणंच म्हटलं असतं.

घरी आल्यावर सुनेने जेवायला वाढलं. मी सवयीने मिठाला हात घातला आणि थांबलो. दहा वर्षं मी तिच्या भाजीवर मीठ आणि तिखट टाकून खात आलो होतो, आणि वर तिला ऐकवत आलो होतो की तुझ्या हाताला चव नाही.

"घ्या की," ती म्हणाली. "आता माफ आहे तुम्हाला."

"तुझ्या हाताला चव असेल," मी म्हटलं. "मला माहीत नाही."

"लिहून देता का? ह्यांना दाखवते."

तिने वातावरण हलकं केलं, पण मी ताट बाजूला सारलं. मी तिला झुंबरचं सांगितलं. तिने आमटीचा डाव खाली ठेवला.

"म्हणजे रोज सकाळी ते दारात येतात ते यासाठी? मला वाटायचं तुमची ख्यालीखुशाली विचारायला येतात."

"यासाठी."

"मग उद्या काय करणार?"

"सांगणार," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सहा चाळीसला तो दारात आला. डबा खांद्याला, केस ओले, शर्टाची वरची गुंडी लावलेली. हातभर अंतरावर उभा राहिला आणि श्वास सोडला. मला गालावर ऊब लागली. त्याखेरीज काहीही आलं नाही, ना दारूचा वास, ना दातांच्या पेस्टचा, ना माणसाचा. मी तोंड उघडलं सांगायला, आणि म्हणालो, "चढ."

तो गेला. मी चौकट धरून उभा राहिलो. आधीची बारा वर्षं मी अजाणता खोटं बोललो होतो. हे 'चढ' जाणूनबुजून दिलं. जीभ सवयीने चालली असं म्हणता येईल, पण ती माझीच जीभ आहे. ती पाळी सुटेपर्यंत मी घरात बसू शकलो नाही. तीन वाजताच कारखान्याच्या गेटसमोर जाऊन उभा राहिलो. पोरं बाहेर पडायला लागली तेव्हा कोण चालत येतंय, कोणाला आणतायत, हे बघत होतो. सगळे आपापल्या पायांनी आले.

झुंबर मला बघून हसला. "काय दादा, परत भरती व्हायचंय?"

आम्ही समोरच्या चहावाल्याच्या बाकावर बसलो. मी आडवळण घेतलं नाही. गॅस, बाटल्या, डॉक्टरीणबाई, दहा-बारा वर्षं, सगळं चार वाक्यांत सांगितलं. सकाळचं 'चढ' खोटं होतं तेही सांगितलं.

तो आधी मोठ्याने हसला. "मग एवढी वर्षं माझ्या तोंडात काय बघत होतास? दाढा मोजत होतास?"

मी हसलो नाही. मग त्याचंही हसू ओसरलं. त्याने ग्लास बाकावर ठेवला.

"किती वर्षं म्हणालास?"

"दहा तरी. बारासुद्धा असतील."

"नऊ वर्षांपूर्वी?"

"तेव्हा नव्हतंच नाक."

तो गेटकडे वळला. मग हळू आवाजात बोलायला लागला.

"नऊ वर्षांपूर्वी माझे वडील गेले. आठवतं? तीन दिवस रजेवर होतो. चौथ्या दिवशी कामावर आलो. आदल्या रात्री मेव्हण्याबरोबर बसलो होतो, सकाळी परत घेतली. बायको दारात आडवी उभी राहिली होती. माझ्या मलाच वास येत होता दादा, एवढी. तुझ्यासमोर आलो ते ठरवून, की आज पकडला जाणार, जाऊ दे. श्वास सोडला. तू माझ्या डोळ्यांत बघितलंस. आणि म्हणालास, चढ."

मला तो दिवस आठवत नव्हता. त्याच्या वडिलांचं आठवत होतं, तो दिवस नाही. माझ्यासाठी तो हजारांतला एक होता.

"मी वर गेलो," तो सांगत होता. "लिव्हरवर हात ठेवला. खाली हुकवाला साखळी बांधत होता. म्हटलं, दादाला वास आलाच असणार. एवढा वास ओळखू आला नाही असं होईल? त्याने ओळखलं आणि सोडलं. बाप गेलाय म्हणून सोडलं. कधी कोणाला न सोडणाऱ्या माणसाने मला सोडलं. मग मला लिव्हर ओढवेना. मी उतरलो, फोरमनला सांगितलं चक्कर येतेय, आणि घरी गेलो. त्या दिवसानंतर नऊ वर्षं एक थेंब नाही. कितीदा हात गेला असेल. दर वेळी तुझं ते बघणं आठवायचं."

त्याने नऊ वर्षं ज्याच्यावर काढली होती ते मी दिलेलंच नव्हतं. मला त्या दिवशी वास आला असता तर मी त्याला सगळ्यांसमोर खाली ठेवलं असतं, आणि वर दोन शब्द सुनावले असते. बाप गेलाय हे ध्यानातही घेतलं नसतं. स्वतःला मी ओळखतो.

"मी माफ केलं नव्हतं," मी म्हणालो. "मला वासच आला नव्हता."

"कळलं," तो म्हणाला. "हे तू सांगायला नको होतंस, दादा."

तो उठला. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सहा चाळीसला दारात कोणी नव्हतं. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मी वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, कामावर जातात, वेळेवर जातात, पण घरात कोणाशी बोलत नाहीत. माझ्याशी काही झालंय का, असं त्यांनी विचारलं. मी 'झालंय' म्हणालो. आणखी काही सांगायचा धीर झाला नाही.

तिसऱ्या दिवशी मी गेटवर जाऊन उभा राहिलो. तो माझ्या अंगावरून निघून गेला, जसा काही मी दिव्याचा खांब होतो. प्यायलेला होता की नव्हता? मी डोळे बघितले, चाल बघितली, पाठ बघितली. मला सांगता आलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की मी आंधळ्यासारखा आहे. आणि तो आत जाऊन शिडी चढणार होता.

त्या रात्री मी ठरवलं की चौथ्या दिवशी सकाळी हुकवाल्याला सगळं सांगायचं. वजनाखाली तो उभा राहतो. चौदा वर्षांपूर्वीच त्याला सांगायला हवं होतं.

सव्वासहाला मी गेटपाशी पोहोचलो. माझ्या आधी ते दोघं तिथे होते. हुकवाला सायकलच्या दांड्याला टेकून उभा. बुटका, जाड मिशीचा, आता पन्नाशी उलटलेला. झुंबर त्याच्यासमोर, हात पोटाशी धरून. पोरगा मास्तरांसमोर उभा राहतो तसा.

"दादाला नाक नाही," झुंबर सांगत होता. "बारा वर्षं नाही. आणि काल मी घेतली. अर्धा ग्लास. उरलेली मोरीत ओतली. पण अर्धा ग्लास घेतली."

हुकवाल्याने मला बघितलं. "या, तुम्हीपण या," तो म्हणाला. "आज सगळेच सापडतायत."

मी जवळ गेलो. झुंबरने सगळं सांगितलं होतं. मोळी पडली तो दिवस, माझं गप्प राहणं, सहा चाळीस, वडील गेले तो दिवस. हुकवाला शांत ऐकत होता. त्याची मिशी मात्र हलत होती.

"म्हणजे चौदा वर्षं," तो शेवटी म्हणाला, "हा वर शुद्धीत आहे की नाही हे तुम्ही दोघं ठरवत होता. आणि खाली मी उभा होतो."

तो सायकलचा टेकू सोडून सरळ उभा राहिला.

"मला कोणी विचारलं नाही. मला वाटायचं तुम्ही दोघं सकाळी सकाळी गुजगोष्टी करता. मी घरी सांगायचो, बाई, ह्या दोघांची फार दोस्ती." तो माझ्याकडे वळला. "दादा, तुम्ही माझ्या हातून बारा मोळ्या परत बुडवून घेतल्या होत्या एका दिवशी. डाग आहे म्हणून. नळीवरच्या डागापायी. आणि माझ्या डोक्यावर काय लटकतंय ते सांगावंसं वाटलं नाही?"

"चुकलं," मी म्हणालो.

"चुकलं म्हणे." त्याने सायकल भिंतीला लावली. झुंबरला म्हणाला, "श्वास सोड."

झुंबरने श्वास सोडला. हुकवाल्याने तोंड फिरवलं नाही. डोळे मिटून हुंगलं.

"आज चढणार आहेस?"

"नाही. म्हणून तर लवकर आलो."

"मग फोरमनकडे कोण जाणार? मी, की दादा, की तूच?"

"मी," झुंबर म्हणाला. आणि गेला. आम्ही दोघं त्याच्या मागे गेलो नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. फोरमनने त्याला सहा महिने क्रेनवरून उतरवलं. कामावरून काढला नाही, कारण स्वतः येऊन सांगणारा माणूस त्याने आधी पाहिला नव्हता. फोरमन मला असं स्वतः म्हणाला, आणि त्याबरोबर चौदा वर्षांपूर्वीच्या गप्प बसण्याबद्दल माझ्या तोंडावर जे बोलायचं ते बोलला. मी ऐकून घेतलं. झुंबरने सहा महिने जमिनीवर साखळ्या पुसल्या, नळ्या मोजल्या, पोरांच्या टोमण्यांना तोंड दिलं. "झुंबर खाली पडलं, काच फुटली का बघा," असं कोणीतरी रोज म्हणायचं. रोज सकाळी तो हुकवाल्यासमोर श्वास सोडायचा. क्रेनवर नसतानाही. त्यात खंड पडला नाही. कंपनीच्या डॉक्टरांनी तपासून त्याला परत वर पाठवला, तेव्हाही पहिलं 'चढ' हुकवाल्याचं होतं.

माझ्याकडे तो आता रविवारी येतो. आधी दोन महिने आला नाही. मग एकदा आला, बसला, चहा प्यायला, नऊ वर्षांचं काही बोलला नाही. मीही बोललो नाही. मी माफ केलं नव्हतं हे त्याला माहीत आहे. तरी तो येतो. त्याचं मी काय समजायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

गेल्या रविवारी आला तो खोकत. सांगायला लागला, परवा हुकवाल्याने त्याला खाली ठेवलं.

"घेतलीस?"

"खोकल्याचं औषध. डॉक्टरने दिलेलं. त्यात असते ना थोडी. हुकवाल्याचं नाक म्हणजे काय नाक, दादा. चमचाभर औषधाचा वास त्याने धरला. म्हणाला, आज जमिनीवर."

"मग बाटली दाखवायची त्याला. घरी होती ना?"

"खिशात होती."

हे माझ्या डोक्यातच बसेना. आठ तास साखळ्या पुसल्या याने, टोमणे खाल्ले, पोरांनी परत काच फुटली म्हणून घेतलं, आणि बाटली खिशात होती.

"दाखवली का नाहीस मग?"

"परवा खरी बाटली दाखवून वर चढलो असतो," तो म्हणाला. "मग एखाद दिवशी घेतली असती तरी खिशात तीच बाटली ठेवून गेलो असतो. मी मला ओळखतो की."

सून चहा घेऊन आली. त्याने कप घेतला, खोकला आवरला, आणि आलं चांगलं उतरलंय असं तिला सांगितलं. मला ते कळणार नव्हतं, मी त्याचा शब्द खरा धरला.